एक चेहरा, अनेक बैठका

लंडनच्या टेट संग्रहात पुण्याच्या दरबाराचे एक मोठे तैलचित्र आहे. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात जो करार झाला, त्याचा हा प्रसंग. पोरसवदा सवाई माधवराव, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि भोवती दाटीवाटीने जमलेली दरबारी मंडळी. चित्र थॉमस डॅनियलचे, साल १८०५. त्यातले चेहरे मात्र डॅनियलने टिपलेले नाहीत. ते काम जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे. वेल्स १७९१ मध्ये मुंबईला उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात आला आणि पेशव्यांना, दरबारातल्या माणसांना समोर बसवून त्याने त्यांची रेखाटने केली. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्याबरोबर काम करत होता. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे डॅनियलने हा दरबार कॅनव्हासवर उभा केला. करार १७९० चा, चेहऱ्यांची टिपणे त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली आणि रंगांचा शेवटचा हात १८०५ चा. पंधरा वर्षे आणि दोन चित्रकार खर्ची पडले, तेव्हा चित्र पुरे झाले.

इतका लांबचा प्रवास प्रत्येक व्यक्तिचित्राच्या वाट्याला येत नाही. टप्पे मात्र कोणालाच चुकत नाहीत. भिंतीवर टांगलेले चित्र पाहताना आपल्याला फक्त शेवटचा टप्पा दिसतो. त्याखाली कोळशाची रेघ असते, पातळ मातकट रंगाचा हात असतो, पुसून टाकलेले एखादे नाक असते. हे टप्पे कोणते, ते का पडले, आणि माणूस ‘तोच’ वाटावा हे नेमके कोणत्या टप्प्यावर ठरते, याचा हा आढावा.

आधी रेघ

तैलरंग वाळायला वेळ घेतात आणि समोर बसणाऱ्या माणसाला वेळ नसतो. व्यक्तिचित्राचा पहिला टप्पा या अडचणीतून जन्मला. फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइक याने पंधराव्या शतकात कार्डिनल निकोलो अल्बर्गाती यांचे चित्र काढले. त्यासाठी त्याने चांदीच्या तारेने कागदावर रेखाटन केले. चांदीची रेघ सहजासहजी पुसता येत नाही, त्यामुळे तिथे नजर पक्की लागते. हे रेखाटन आज ड्रेस्डेनमध्ये आहे आणि तैलचित्र व्हिएन्नात. रेखाटनाच्या बाजूला व्हान आइकने बारीक अक्षरात रंगांची टिपणे लिहून ठेवली आहेत: डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट, ओठ फिकट जांभळट, दाढीचे खुंट करडे. कार्डिनल निघून गेल्यावर रंग भरताना या ओळी समोर बसलेल्या माणसाची जागा घेणार होत्या. रेषेत आकार साठवायचा आणि शब्दांत रंग, अशी ही वाटणी होती.

हान्स होल्बाइनची गोष्ट याहून उत्कंठेची. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री नव्या राणीच्या शोधात होता. डेन्मार्कची ख्रिस्तिना, सोळा वर्षांची विधवा, ब्रुसेल्समध्ये राहत होती. १२ मार्च १५३८ रोजी होल्बाइनला तिच्यासमोर तीन तास मिळाले. तेवढ्यात त्याने तिचा चेहरा टिपला आणि तो इंग्लंडला परतला. त्यावरून केलेले पूर्णाकृती चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: काळा शोकवेश, उजळ चेहरा आणि एकमेकांत अलगद धरलेले हात. लग्न जुळले नाही, पण राजाला चित्र आवडले. तीन तासांच्या रेखाटनावर इतके मोठे चित्र उभे राहिले, यात होल्बाइनच्या हाताइतकेच श्रेय पहिल्या टप्प्यातल्या निवडीला आहे. काय टिपायचे आणि काय नंतर डोक्यातून भरायचे, हे त्याला ठाऊक होते.

सतराव्या शतकातल्या अँथनी व्हान डाइकने हीच रीत कारखान्यासारखी बसवली. त्याच्याविषयी सांगतात, की एका बैठकीत तो कोणावरही तासाभरापेक्षा अधिक वेळ काम करत नसे. तास संपला की उठायचे, पुढचा दिवस ठरवायचा, दुसरे गिऱ्हाईक बसवायचे. चेहरा त्याचा स्वतःचा. शरीराचा डौल तो खडूने रंगीत कागदावर झरझर टिपून मदतनिसांकडे देई. कपडे ते रंगवत. हातांसाठी पगारी मॉडेल ठेवलेली असत. आपण ज्या राजेरजवाड्यांच्या नाजूक बोटांकडे कौतुकाने पाहतो, ती बोटे बहुधा दुसऱ्याच कोणाची आहेत.

मुघल चित्रशाळेत ही श्रमविभागणी त्याआधीच रुळली होती. तिथे रेखांकनाला ‘तरह’ म्हणत, रंगकामाला ‘अमल’ आणि चेहरा काढण्याला ‘चेहरानामी’. तिन्ही कामे वेगवेगळे हात करू शकत आणि चेहऱ्याचा जाणकार वेगळा असे. कागद अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, रेखांकन उतरवायचे, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा, दिसणाऱ्या रेषेवरून पुन्हा रेषा पक्की करायची आणि मग रंगाचे थर चढवत मधूनमधून घोटत जायचे. चेहऱ्याची गोलाई ‘परदाज’ने येई, म्हणजे अगदी बारीक कुंचल्याने ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून. अकबर स्वतः चित्रासाठी बसला आणि आपल्या दरबारातल्या मानकऱ्यांची चित्रे करवून घेतली, असे अबुल फझलने नोंदवले आहे.

ठिपक्यांनी गोलाई आणण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटाकामाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला ‘बिंदुज’ हा ठिपक्यांचाच. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे येतात; तिथे प्रमाण, भाव, लावण्य आणि सादृश्य यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. माप बरोबर आले म्हणजे साम्य आले असे नाही, आणि साम्य आले म्हणजे भाव आला असेही नाही, हे त्या यादीतून स्पष्ट होते. पुढच्या प्रत्येक चित्रकाराला हा फरक कॅनव्हाससमोर उभे राहून पुन्हा शिकावा लागला.

हिरव्यावर गुलाबी

रेघ पक्की झाली की रंगाचे थर. इटलीच्या चेन्निनो चेन्निनीने चौदाशेच्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात चेहरा रंगवण्याची कृती एखाद्या पाकक्रियेसारखी दिली आहे. आधी चेहऱ्यावर हिरवट मातीचा पातळ हात. त्यावर गालांना लाली. मग त्वचेचे उजळ, मध्यम आणि गडद असे तीन रंग वेगवेगळ्या भांड्यांत कालवून जागच्या जागी लावायचे आणि त्यांच्या कडा एकमेकांत मिसळायच्या. खालचा हिरवा सावलीच्या जागी थोडा डोकावत ठेवायचा. त्वचेखालच्या शिरांचा थंडपणा त्यातून येतो. रंग कालवायला अंड्याचा बलक. त्यातही चेन्निनीची सूचना अशी, की तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचे अंडे घ्यावे, कारण त्याचा बलक फिकट. म्हाताऱ्या आणि सावळ्या चेहऱ्यांसाठी खेड्यातल्या कोंबडीचे. गावरान अंड्याचा बलक लालसर असतो हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. तो कोणत्या चेहऱ्याला शोभेल याचा विचार करणारा कारागीर मात्र विरळा.

तैलरंग आले आणि थरांचे गणित बदलले. तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते घट्ट होत जाते. त्याला दिवस लागतात, जाड थराला आठवडे लागतात. म्हणून खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ आणि कमी तेलाचे ठेवायचे, वरचे अधिक तेलकट. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चेहऱ्याला भेगा पडतात. शिसे घातलेला पांढरा आणि तपकिरी अंबर हे रंग लवकर वाळतात, हस्तिदंती काळा रेंगाळतो. तैलचित्राचे टप्पे केवळ सवयीने पडलेले नाहीत; निम्मे तरी या रसायनाने पाडलेले आहेत.

या रसायनाचा सर्वात सूक्ष्म उपयोग लिओनार्दोने केला. मोनालिसाचे काम १५०३ च्या सुमारास सुरू झाले आणि चित्र तो पुढे फ्रान्सला जातानाही बरोबर घेऊन गेला. २०१० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी लूव्हरमधल्या त्याच्या चित्रांची क्ष-किरणांनी तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेहऱ्याच्या सावल्यांत काही ठिकाणी एकेक पारदर्शक थर अवघा एक-दोन मायक्रोमीटर जाडीचा निघाला आणि सगळे थर मिळून तीस-चाळीस मायक्रोमीटर. माणसाचा केस साधारणपणे याहून जाड असतो. गालाची सावली कुठे सुरू होते आणि ओठांचा कोपरा कुठे संपतो हे सांगता येत नाही, त्याचे कारण या थरांत आहे.

तिशियनची तऱ्हा निराळी. त्याच्या शेवटच्या काळातल्या कामाचे वर्णन पाल्मा जोव्हाने या चित्रकाराच्या आठवणींतून पुढे आले आहे. तो आधी जाड रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांनी आकृती मांडी, मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून देई. कधी कधी काही महिने त्याकडे पाहत नसे. पुन्हा काढला, की जणू जिवावर उठलेला शत्रू समोर असावा तसा तो कठोरपणे तपासायचा, चुका कापून काढायचा आणि अखेरच्या टप्प्यात कुंचल्यापेक्षा बोटांनीच अधिक काम करायचा. दोन बैठकींमधला रिकामा काळ हासुद्धा त्याच्या कामाचा टप्पा होता. आपलेच चित्र परक्या नजरेने दिसायला तेवढा वेळ जावा लागतो.

एका बैठकीतले टप्पे

थरांवर थर न चढवता ओल्या रंगातच ओला रंग मिसळून एका दमात चित्र पुरे करणारे चित्रकारही होतेच. हॉलंडचा फ्रान्स हाल्स त्यांचा आद्य पुरुष. जॉन सिंगर सार्जंटने १८८१ मध्ये लेखिका व्हर्नन ली हिचे चित्र साधारण तीन तासांच्या एकाच बैठकीत केले. चष्म्याच्या काचेवरची चमक, किंचित उघडे ओठ, बोलता बोलता थांबल्याचा भास, सगळे ताजे आहे. पण हाच सार्जंट इतर चित्रांत मनासारखे न जमलेले डोके सुरीने खरवडून पुन्हा पहिल्यापासून मांडत असे, पुन्हा पुन्हा. तीन तासांत होणारे चित्रही टप्प्यांनीच होते. फक्त ते टप्पे आठवड्यांऐवजी मिनिटांत पडतात.

ते जवळून पाहायचे तर कोणत्याही कलामहाविद्यालयातला हेड स्टडीचा वर्ग पाहावा. फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ चौथऱ्यावरच्या स्टुलावर बसलेले असतात. खिडकीचा उजेड डावीकडून. त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा केलेल्या, म्हणजे विश्रांतीनंतर पाय त्याच जागी परत यावेत. समोर एका भिंतीच्या खाचेवर किंवा खिळ्यावर नजर लावून ते बसतात. पहिली दहा मिनिटे रंगाला कोणी हात लावत नाही. कुंचला हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मापे घेतली जातात. डोक्याचा माथा इथे, हनुवटी इथे. नवशिक्या डोळे हमखास वर काढतो. प्रत्यक्षात डोळ्यांची रेषा माथा आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर असते. दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याचे अंतर. मग कोळशाने डोक्याचा कल, मानेचा तिरकसपणा, खांद्यांची रेषा.

नंतर पातळ केलेला बर्न्ट अंबर. डोळे बारीक करून पाहिले की चेहऱ्यातले बारकावे विरघळतात आणि उरतात फक्त दोन प्रदेश: उजेड आणि सावली. डोळ्याची खोबण, नाकाखालचा त्रिकोण, गालफडाची बाजू, हनुवटीखालचा पट्टा हे सगळे मिळून सावलीचा एकच आकार होतो. तो अंबरने भरायचा, चुकला तर फडक्याने पुसायचा. या घटकेला चित्रात ना डोळा असतो ना ओठ. तरीही वर्गाच्या दारातून आत डोकावणाऱ्याला कोण बसले आहे ते ओळखू येते. चिंधी आणि एका रंगाच्या जोरावर चेहरा उमटलेला असतो.

पुढे जाड रंग. कपाळाचा भाग पिवळटाकडे झुकणारा, नाक-गाल-कानांचा लालसर, आणि जबड्याचा, दाढीच्या खुंटांचा करडा-हिरवट; चेहऱ्याचे हे तीन पट्टे व्यक्तिचित्रकार मनाशी धरून चालतात. सावळ्या त्वचेवर खिडकीच्या उजेडाची निळसर झाक येते आणि सावलीत लालसर ऊब उतरते. ट्यूबमध्ये तयार मिळणारा गुलाबी ‘फ्लेश टिंट’ इथे कामाचा नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा लाल आणि थोडा निळा यांतूनच त्वचा सापडते. कुठल्याही एका जागेवर रेंगाळायचे नाही, सगळा चेहरा बरोबरीने पुढे न्यायचा, ही शिक्षकाची सूचना वर्गात दर पाच मिनिटांनी ऐकू येते. एक डोळा पापण्यांच्या केसांसकट पुरा आणि बाकी चेहरा कोरा, असा कॅनव्हास दिसला की मागचे काम बहुतेक पुसावे लागते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. शेवटी कडा: फेट्याची उजेडाकडची कड धारदार, सावलीतला कान पार्श्वभूमीत विरघळलेला. आणि नाकाच्या शेंड्यावर, बुबुळावर घट्ट रंगाचा एकेक ठिपका.

डोळे शेवटी, ही आपल्या मूर्तिकारांची रीत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची ‘आखणी’ हे सर्वांत अखेरचे आणि सर्वांत सरावलेल्या हाताचे काम मानतात. व्यक्तिचित्रकारांत यावर एकमत नाही. काही जण डोळ्यांपासून सुरू करून बाहेर जातात, काही डोळे सावलीच्या डागांतच ठेवून अखेरपर्यंत उघडत नाहीत.

मुंबईची घडण

तैलरंगातल्या व्यक्तिचित्राचे हे टप्पे आपल्याकडे शाळेच्या वाटेने आले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत ‘जे. जे.’ ही कलाशाळा सुरू झाली. त्याआधी आणि तिच्याबाहेर हे ज्ञान मिळवणे किती कठीण होते, हे राजा रविवर्मा यांच्या उदाहरणावरून कळते. त्रावणकोरच्या दरबारात १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला, तेव्हा त्याने तरुण रविवर्म्यांना शिकवले नाही. काम करताना पाहण्याची तेवढी मुभा दिली. कोणत्या थरावर कोणता थर, कुठे तेल, कुठे टर्पेंटाइन, हे सारे त्यांनी पाहून आणि चुकून मिळवले. टप्पे म्हणजे तेव्हा धंद्याचे गुपित होते.

जे. जे.मध्ये ते अभ्यासक्रम झाले. पेस्तनजी बोमनजी हे तिथल्या पहिल्या नामांकित विद्यार्थ्यांपैकी एक. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भारतात आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडून त्यांना व्यक्तिचित्रणाचे मार्गदर्शन मिळाले. घरातल्या पारशी माणसांची त्यांनी केलेली चित्रे डच चित्रकारांसारखी शांत आहेत. गोव्याच्या अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी गडद, ऊबदार सावलीतून चेहरा हळूहळू उजेडात आणण्याची हातोटी कमावली. त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटले गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत पाहायला मिळतो. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यामुळे वेगळी परंपरा उभी राहिली. १९१९ मध्ये जे. जे.ची सूत्रे हाती घेतलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात प्रत्यक्ष मॉडेलवरून अभ्यासाला जोर आला. तिथून पुढच्या पिढ्यांच्या हाडात शरीररचना मुरली.

जलरंगात टप्प्यांची दिशाच उलटी होते. तैलरंगात अंधारातून उजेडाकडे येता येते, कारण उजळ रंग वर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड. तो सुरुवातीलाच राखावा लागतो आणि एकदा झाकला गेला की परत मिळणे कठीण. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ या दृष्टीने थक्क करणारे आहे. हाताच्या आडोशाने दिवा जपत उभी असलेली साडीतली मुलगी, बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि तोच प्रकाश चेहऱ्यावर. समोर त्यांची स्वतःची मुलगी उभी होती आणि माध्यम जलरंग. दिव्याच्या प्रकाशाचे सगळे गणित पहिल्या ओल्या हाताच्या आधीच मनात मांडल्याशिवाय हे शक्य नव्हते. चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. कित्येक जण ते रविवर्म्यांचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे चित्र १९४०च्या दशकातले आहे.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन भव्य चित्रे आहेत, एक स्त्रीभूमिकेतले आणि एक पुरुषवेशातले. एकाच चेहऱ्याचा साज पूर्ण बदलला तरी खालचा माणूस तोच राहतो, हे नाटकाला जाणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी तिथे उभे राहून पाहिले. आजच्या काळात वासुदेव कामत यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर पारितोषिक मिळाले. कामतांसारखे चित्रकार भरल्या सभागृहात प्रात्यक्षिक देतात आणि दोन-अडीच तासांत चेहरा कसा उमटतो ते शंभर डोळ्यांसमोर घडते. रविवर्म्यांना जे नुसते पाहून टिपावे लागले, ते आता सगळ्यांसाठी खुले झाले आहे.

छायाचित्राने मात्र एक टप्पा कमी केला: बसण्याचा. रविवर्म्यांपासून अनेकांनी छायाचित्रांची मदत घेतली आणि त्यात गैर काही नाही. गेलेल्या माणसाचे चित्र करायचे तर दुसरा इलाजही नसतो. नगरपालिका, ग्रंथालये, शाळा यांच्या भिंतींवरची कितीतरी तैलचित्रे अशीच झाली. पण कॅमेऱ्याची सावली बहुधा काळीकुट्ट आणि रिकामी येते. डोळ्याला तिथे जे तीन-चार रंग दिसले असते, ते फोटोत नसतात. समोर बसलेला माणूस थकतो, हसतो, कंटाळतो, आठवणीत हरवतो. चित्रकार त्या सगळ्यांतून एक चेहरा गोळा करतो. फोटोत एका सेकंदाचा शंभरावा भाग असतो. तो रंगात मोठा केला तरी तेवढाच राहतो.

बैठकांचा हिशेब

पाश्चात्त्य आधुनिक चित्रकारांनी नेमका हाच, समोर बसण्याचा, टप्पा ताणत नेला. पॉल सेझानने १८९९ मध्ये चित्रविक्रेता अँब्रोझ व्होलार्ड याला समोर बसवले. व्होलार्डनेच लिहून ठेवले आहे, की एकशे पंधरा बैठका झाल्या. एकदा त्याला डुलकी लागून तो खुर्चीसह खाली आला, तेव्हा सफरचंद कधी हलते का, असा सवाल सेझानने केला. शेवटी हातावर दोन बारीक जागा कोऱ्या राहिल्या. तिथे चुकीचा रंग लागला तर तिथून सगळे चित्र पुन्हा करावे लागेल, असे सेझानचे म्हणणे होते. त्या जागा तशाच राहिल्या आणि सदऱ्याची पुढची बाजू आपल्याला वाईट वाटत नाही, एवढेच समाधान त्याने व्यक्त केले. थरांच्या जुन्या पद्धतीत खालचे काम झाले म्हणजे झाले. सेझानच्या लेखी प्रत्येक नवा फटकारा आधीच्या सगळ्यांचा हिशेब पुन्हा मांडतो.

पिकासोने १९०५-०६ च्या हिवाळ्यात गर्ट्रूड स्टाइनला ऐंशी-नव्वद वेळा बसवले, असे तिने सांगितले. एक दिवस त्याने डोके पुसून टाकले, तो स्पेनला गेला, आणि परतल्यावर ती समोर नसताना मुखवट्यासारखा चेहरा रंगवून चित्र संपवले. इतक्या बैठकांचा उपयोग शेवटी पाहण्यापुरता झाला. रंगवणे झाले ते आठवणीतून.

टप्प्यांचा सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज १९६४ चा आहे. आल्बेर्तो जाकोमेत्तीने पॅरिसमध्ये अमेरिकी लेखक जेम्स लॉर्ड याला एका बैठकीपुरते म्हणून बसवले. बैठका अठरा झाल्या. दर दिवशी तो डोके घडवायचा आणि करड्या रंगाने पुसायचा. लॉर्डने प्रत्येक दिवसाच्या कामाचा फोटो काढून ठेवला आणि पुढे त्यावर छोटे पुस्तक लिहिले. ते फोटो ओळीने पाहिले की कळते, मधले काही चेहरे शेवटच्या चेहऱ्याहून कमी नव्हते. जाकोमेत्तीला तिथे थांबता आले नाही, कारण तो चित्र पुरे करण्यापेक्षा पाहणे पुरे करायच्या मागे होता.

ल्युशियन फ्रॉइडने तर खालच्या थराची पद्धतच सोडली. कोळशाने जुजबी रेषा आखून तो चेहऱ्याच्या मध्यातून रंगवायला लागायचा आणि बाहेर पसरत जायचा. डेव्हिड हॉकनी त्याच्यासमोर २००२ मध्ये शंभराहून अधिक तास बसला. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे त्याने केलेले चित्र २००१ मध्ये पुरे झाले. मुकुटासाठी जागा कमी पडली तेव्हा फ्रॉइडने त्या लहानशा कॅनव्हासला वर पट्टी जोडली. सगळा चेहरा बरोबरीने पुढे न्यावा या वर्गातल्या नियमाला हा मोठा अपवाद आहे. तो फ्रॉइडला परवडला, कारण एकेक इंचाला तो तासन्‌तास देऊ शकत होता.

कुठे थांबायचे

अपुरे राहिलेले एक चित्र रोज कोट्यवधी हातांतून फिरते. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र सुरू केले. चेहरा पुरा झाला, खालचा कॅनव्हास कोराच राहिला. स्टुअर्टने ते मुद्दाम पुरे केले नाही. जवळ ठेवून त्यावरून प्रती करून विकल्या. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्यावरून घेतलेला आहे. रेम्ब्रांटने १६५४ च्या यान सिक्सच्या चित्रात चेहरा शेवटापर्यंत नेला आणि हातमोजे मोजक्या जाड फटकाऱ्यांवर सोडले. एकाच कॅनव्हासवर वेगवेगळे भाग वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवण्याचे धैर्य त्याच्याकडे होते, आणि म्हणूनच पाहणाऱ्याची नजर भरकटत नाही.

घाई किंवा चुकीचे साहित्य यांची किंमत मात्र चित्राला मोजावी लागते. जोशुआ रेनॉल्ड्स हा अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा सर्वाधिक मागणी असलेला व्यक्तिचित्रकार. वरच्या थरात त्याने वापरलेला किरमिजी लाल उजेडात टिकला नाही. गालांची लाली त्याच्या हयातीतच उडाली आणि अनेक चेहरे पांढुरके पडले. कुठे डांबरासारख्या पदार्थामुळे भेगा पडल्या. आपल्याकडच्या दमट हवेत तर सरसाचा हात दिलेला कॅनव्हास पावसाळ्यात सैल होतो आणि बुरशीची भीती असते.

या सगळ्या उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. माणूस ओळखू येणे हे शेवटच्या नव्हे, पहिल्या दोन टप्प्यांवर ठरते: डोक्याचा कल, मापे आणि उजेड-सावलीचे मोठे आकार. व्हान आइकची चांदीची रेघ, होल्बाइनचे तीन तास आणि वर्गातला अंबरचा पातळ हात, तिन्ही हेच दाखवतात. पापण्या, सुरकुत्या, दागिने यांनी साम्य वाढत नाही. त्यांच्या मोहापायी बिघडलेली चित्रे मात्र पुष्कळ आहेत. आपल्याकडे शिकणाऱ्याचा निम्मा वेळ गुळगुळीतपणावर जातो आणि रेखांकनाला घाई होते. हा क्रम बदलायला हवा, आणि शक्य तिथे फोटोऐवजी माणूस समोर बसवायला हवा, मग अर्धा तास का मिळेना.

दुसरी गोष्ट वाचकांसाठी. महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक घरांत कोणा आजोबांनी, काकांनी जे. जे.त किंवा खाजगी कलावर्गात असताना केलेले हेड स्टडी, कोळशाची रेखाटने, अर्धवट सोडलेले कॅनव्हास माळ्यावर पडून आहेत. पूर्ण झालेले चित्र दिवाणखान्यात जाते, अभ्यासाची चित्रे रद्दीत. ती टाकू नका. त्यांच्यावर कोणाकडून रंगाचा नवा हात मारून घेऊ नका. सपाट, कोरड्या जागी ठेवा, मागे काढणाऱ्याचे नाव, बसणाऱ्याचे नाव आणि साल लिहा आणि जवळच्या कलामहाविद्यालयाला किंवा संग्रहालयाला दाखवा. संग्रहालयांनीही ही रेखाटने पूर्ण चित्राच्या शेजारी टांगावीत. चेहरा कसा उमटतो हे शिकण्याचे त्याहून चांगले साधन आपल्याकडे नाही, आणि माळ्यावरचा प्रत्येक पावसाळा त्यातले काही कागद कायमचे घेऊन जातो.